दुसऱ्या घोटाआधीची टकटक

दिनांक ९ ऑक्टोबर रोजी, दुपारची जेवणे आटोपल्यानंतर, माझ्या थोरल्या बहिणीने जेथे आपले सारे कामाचे आयुष्य घालवले त्या भोजनगृहाच्या मालकांनी तिच्या मृत पतीला मेनूवर चढवले. विधान चमत्कारिक वाटेल, परंतु ते शब्दशः खरे आहे. कातडी वेष्टणाच्या नव्या मेनूकार्डात, मुख्य पदार्थांच्या पानावर, स्वतंत्र चौकटीत असे छापले आहे: ‘अदृश्य आचाऱ्याची निवड. मंद आचेवरची कोंबडी, मशरूम आणि शिनों वाइनचा एक पेला. दुसऱ्या घोटापूर्वी चमचा दोनदा वाजवावा आणि वाट पाहावी.’ हे छापण्यापूर्वी माझ्या बहिणीला विचारण्यात आले नाही. तिला ते टेबले पुसणाऱ्या बाईकडून कळले.

मी मालकांकडे लेखी तक्रार केली, तिला उत्तर मिळाले नाही. तोंडी केली, तेव्हा चहा मिळाला. म्हणून आता ती वाचकांपुढे मांडते आहे. यात कोणाचे पैसे बुडालेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण जो तो पहिल्यांदा तेच विचारतो. गेले ते वेगळेच आहे. दुपारची जेवणे संपून संध्याकाळची टेबले लागेपर्यंतच्या मधल्या वेळात माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्याची सोबत मिळत होती. ती आता मिळत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी तर्कशास्त्र शिकले आणि शिकवते. पुराव्यावाचून मी कोणाला बसायलाही सांगत नाही, असे माझे विद्यार्थी म्हणतात. तरीही पुढील मजकूर मी जसा घडला तसा लिहिते आहे, आणि जेथे मला ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही असेच म्हणणार आहे.

ताई शाळेत कधी रमली नाही. तिचे लक्ष पुस्तकातल्या अक्षरांपेक्षा पुस्तकाच्या वासावर असे. वडील दारातून आत आले की ती सांगे, आज बाबा त्या बिडी ओढणाऱ्या साहेबांशेजारी बसले होते. आई म्हणायची, “या मुलीसमोर काही लपवायची सोय नाही. पोलिसात द्या हिला.” पोलिसात ती गेली नाही. ती त्या भोजनगृहात पेले धुवायला लागली. मागच्या बाजूच्या अरुंद खोलीत दोन मोऱ्या, वर तारेला उलटे टांगलेले पेले, आणि सतत वाहणारे कोमट पाणी. धुण्याआधी ती प्रत्येक पेला नाकाशी नेई. थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, तिला एकदा पकडले.

“काय गं, उष्टं हुंगतेस?”

“चार नंबरच्या टेबलाला दिलेली बाटली बिघडली होती. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.”

“ते तर काही बोलले नाहीत.”

“बोलले नाहीत. अर्धी तशीच ठेवून गेले.”

“मग इथे मोरीत कशाला सांगतेस? बाहेर ये आणि बाटली उघडल्याबरोबर सांग,” असे म्हणून त्यांनी तिला पुढच्या दालनात आणले. वाइन वाढणारा म्हातारा काम सोडून गेला होता आणि त्यांना कोणीतरी हवेच होते, हेही खरे.

शिनों त्या भोजनगृहात थोरल्या मालकांनीच आणली. शिनों म्हणजे फ्रान्समधील ल्वारच्या खोऱ्यातल्या त्याच नावाच्या गावाभोवतीच्या मळ्यांची लाल वाइन. जड, काळपट, एका घोटात तोंड भरून टाकणारी अशी ती सहसा नसते. अंगाने सडपातळ, किंचित आंबूस. नाकाला आधी रासबेरी लागते, मग चिरलेली हिरवी ढोबळी मिरची, मग ओली माती. ताई त्यात आणखी एक वास सांगे, नुकत्याच तासलेल्या शिसपेन्सिलीचा. लहानपणी माझ्या पेन्सिलींना टोके तीच काढून देत असे, त्यामुळे या एका बाबतीत मी तिला उलटतपासणीशिवाय मान्यता दिली.

तेथील आचारी हे पुढे माझे भाऊजी झाले. धिप्पाड देह, उकडलेल्या बिटासारखे लाल हात, आणि कामावर असताना कधीही न बसण्याची सवय. कोणी खुर्ची पुढे केली तर म्हणायचे, “बसलेल्या माणसाला चव अर्धीच कळते. उरलेली खुर्ची खाते.” शिनोंची पहिली बाटली उघडली तेव्हा त्यांनी नाक मुरडले होते.

“ही वाइन आहे की वाइनची आजारी धाकटी बहीण?”

“तुमच्या रश्श्यात साखर आहे,” ताई म्हणाली. “गोडावर ही आंबट लागणारच. साखर काढा, मग बोला.”

“माझ्या रश्श्यात साखर आहे हे तुला कोणी सांगितलं?”

“तुमच्या रश्श्यानेच.”

भाऊजींनी त्या दिवशी साखर काढली. कांदे तुपासारखे मऊ होईपर्यंत परतले, त्यांचाच गोडवा पुरवला, कोंबडीच्या मांड्या आणि मशरूम त्यात मंद आचेवर ठेवून दिले. मग परत चाखले, आणि पेला रिकामा केला. पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले. आई सगळ्यांना सांगे, “आमच्या थोरलीने नवऱ्याची साखर काढून मग त्याला पसंत केलं.”

आता त्या दोघांच्या कामाची रीत सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. मधल्या वेळात दालन रिकामे होई. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढत, फरशी पुसून ओली असे, आणि मुदपाकखान्याच्या झुलत्या दाराशेजारचे एकच छोटे टेबल मोकळे राही. ताई तेथे बसे. शिनों किंचित गार हवी, तळहाताला जाणवावी पण दातांना जाणवू नये, म्हणून ती बाटली तासभर आधी थंडीत ठेवून मग बाहेर काढी. भाऊजी दार ढकलून ताटली आणत आणि टेबलाच्या कडेला कंबर टेकवून उभे राहत. दोन पेले भरले जात. आधी नुसता एक घोट. मग एक घास. मग थांबायचे. भाऊजी घास गिळत, डोळे मिटत, आणि त्यांचा निर्णय झाला की हातातला चमचा टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवत. टक टक. तो वाजल्यावरच दुसरा घोट. न वाजला, तर ताटली आल्यापावली परत आत.

“पहिल्या घोटाला सगळ्याच वाइन पाहुण्यासारख्या गोड बोलतात,” ताई मला समजावून सांगे. “घास खाल्ल्यानंतरचा दुसरा घोट घरच्यासारखा. तो खरं बोलतो.”

अशा दुपारी मी अनेकदा तेथे पेपर तपासत बसलेली असे. त्यांनी शिनोंसमोर काय काय आणून ठेवले! बकरीच्या दुधाचे मऊ चीज ठेवले, तेव्हा वाइनचा आंबटपणा आणि चिजाचा आंबटपणा असे काही जुळले की दोघेही गोड झाले. व्हिनेगर शिंपडलेली कोशिंबीर ठेवली, तर वाइन पाण्यासारखी पडली. तिखट रश्श्यावर तिने नुसती जीभ भाजली. भाजलेले बीट चालले, मसूर चालले, लोणी लावून भाजलेली कोंबडी तर केव्हाही चालली. परंतु मशरूमची ती मंद आचेवरची ताटली आली की वाइनमधली ओली माती वर येई आणि दोघांचे चेहरे एकाच वेळी सैल पडत. असे दुसऱ्या कोणा नवराबायकोचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. माझ्या संसारात तर नाहीच.

“काय मेहुणीबाई,” भाऊजी मला पेला देत, “सांगा बघू, कसला वास येतोय?”

“वाइनचा.”

“अरे वा! एवढं शिक्षण वाया गेलं नाही म्हणायचं.”

“गप्प बसा हो,” ताई म्हणे. “तिला आंबा आणि साबण यांतला फरक कळतो, तेवढं पुरे.”

एका सकाळी भाऊजी मागच्या जिन्यावर मशरूमची पेटी उतरवून घेत असताना खाली बसले. ते बसलेले पाहूनच पेटीवाला ओरडला. डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते.

त्यानंतर ताई कामावर परतली खरी, परंतु तिचा दुसरा घोट मुका झाला. हा तिचाच शब्द आहे. नवा आचारी आला. स्वभावाने चांगला, हाताला चव असलेला, फक्त गोडाकडे झुकणारा. तो ताटली आणून ठेवी, ताई पहिला घोट घेई, घास खाई, आणि पेला हातात धरून बसून राही. वाइनला वास होता, चव होती, तिच्यात बोट ठेवण्यासारखे काही नव्हते. पण जुळले की नाही, हे तिला सांगता येईना. एव्हाना थोरले मालक वारले होते आणि धाकट्यांच्या हाती कारभार आला होता. त्यांनी जड, गडद वाइन मागवायला सुरुवात केली होती, कारण तसल्या वाइनला पदार्थाशी जोडी जुळवण्याची फारशी फिकीर करावी लागत नाही असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. शिनोंच्या बाटल्या मागच्या फळीवर सरकल्या.

मग थंडीच्या तोंडाला एके दिवशी ताई माझ्याकडे आली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही.

“ऐक. चिडायचं नाही.”

“काय झालं?”

“ते येतात.”

“कोण?”

तिने माझ्याकडे नुसते पाहिले.

“ताई, झोप लागते ना नीट?”

“झोपेचं काय घेऊन बसलीस? मी काल चुकून दोन पेले भरले. सवयीने. घास खाल्ला आणि बसले नेहमीसारखी. आणि टेबल वाजलं. दोनदा.”

“आचाऱ्याने वाजवलं असेल.”

“तो बाहेर सिगरेट ओढत होता. खिडकीतून दिसत होता. मी घोट घेतला तर... अगं, सगळं होतं त्यात. माती, पेन्सिल, सगळं.”

मी तिला शोकाविषयी जे जे वाचले होते ते ऐकवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरं. मग उद्या ये आणि हे सगळं त्यांनाच सांग.”

मी गेले. खिडक्यांच्या दुधी काचांतून येणारा उजेड उलट्या खुर्च्यांच्या पायांत अडकला होता. फरशीला सोड्याचा वास होता. ताईने दोन पेले भरले, एक स्वतःपुढे, दुसरा टेबलाच्या मोकळ्या कडेशी. नव्या आचाऱ्याने ताटली आणली, दुसऱ्या पेल्याकडे पाहिले आणि जराही न बिचकता विचारले, “काकू, आज पास की नापास?”

“बघू काय म्हणतात ते.”

“काल नापास केलं मला,” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “मध घातला होता थोडा. टकटक नाही म्हणे. आज नाही घातला. आता साहेबांची मर्जी.” आणि तो आत गेला. दार झुलले, झुलत झुलत थांबले.

ताईने घोट घेतला. घास खाल्ला. पेला उचलून हातात धरला आणि टेबलाच्या त्या कडेकडे पाहत राहिली. तेथे काही नव्हते. मी तेथे काही पाहिले नाही, आणि आवाजही ऐकला नाही. हे मी शपथेवर सांगेन. परंतु माझे कोपर टेबलावर होते, आणि ते टेबल माझ्या कोपराखाली दोनदा थरारले. रस्त्यावरून अवजड गाडी गेली असेल. कोणी खाली तळघरात काही आपटले असेल. अशी सात-आठ कारणे मी त्याच क्षणी मनाशी मांडली. ताईने घोट घेतला आणि तिचा चेहरा सैल पडला, अगदी पूर्वीसारखा, जणू समोरही एक चेहरा सैल पडतो आहे. मी माझा पेला तोंडाला लावला. आजवर मला ज्या वाइनमध्ये फक्त वाइनचा वास आला होता, तिच्यात शिसपेन्सिलीची साल होती. कोरडी, लाकडाची, जिभेच्या मागच्या बाजूला.

मी पेपर न तपासताच घरी आले.

त्या हिवाळ्यात ताई माणसांत आली. शिनों पुढच्या फळीवर आली. नवा आचारी साखर विसरला. मेनूवरची प्रत्येक जोडी दुपारी त्या टेबलावरून पास होऊनच जाई, आणि गिऱ्हाइके खूश होती. कोणी कोणाला त्रास देत नव्हते. मृत्यूनंतरही एक माणूस आपले काम करायला येत होता, उभा राहत होता, आणि काम झाले की जात होता. हे खरे होते की माझ्या बहिणीच्या मनाने रचलेले, हा प्रश्न मी विचारायचा सोडून दिला. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा माझा पराभव मानावा. माझी हरकत नाही.

बिघडले ते ताईच्या प्रामाणिकपणामुळे. एका संध्याकाळी एका बड्या टेबलावरच्या गृहस्थांनी ताटली पुसून खाल्ली आणि विचारले, “ही जोडी कोणाची?”

“माझ्या नवऱ्याची.”

“अरे, मग बोलवा त्यांना! हात मिळवू.”

“ते वारले दोन वर्षांपूर्वी.”

“अरेरे. म्हणजे जुनी निवड म्हणा.”

“नाही हो. कालची आहे,” ताई म्हणाली आणि त्यांचा पेला भरला.

ते गृहस्थ खाद्यपदार्थांवर लिहिणारे निघाले. त्यांनी लिहिले. आठवडाभरात लोक दारात विचारू लागले की ते टेबल कुठले. धाकटे मालक ताईला वहिनी म्हणतात, कारण लहानपणी भाऊजींनी त्यांना खांद्यावर बसवून रश्श्याचा चमचा चाटवला होता. ते धावत आले.

“वहिनी, केवढी गोड गोष्ट आहे ही! आणि तुम्ही एवढे दिवस मनात ठेवलीत?”

“मनातच ठेवायची होती.”

“छे, छे. भाऊंचं नाव व्हायला हवं. तुम्ही काही काळजी करू नका, मी बघतो सगळं.”

त्यांनी जे बघितले ते असे. ते छोटे टेबल त्यांनी गिऱ्हाइकांसाठी खुले केले. ‘अदृश्य आचाऱ्याची निवड’ सगळ्याच टेबलांवर देता येईल अशी व्यवस्था केली. प्रत्येक ताटलीबरोबर एक जादा चमचा ठेवायला सांगितले. लोकांना मधल्या वेळेचेच आकर्षण आहे हे ध्यानात आल्यावर दुपारी दालन बंद ठेवण्याची प्रथा मोडली. आणि त्या टेबलाच्या ज्या कडेला भाऊजी कंबर टेकवून उभे राहत, नेमक्या त्याच जागी एक उंच पाठीची, लाल गादीची खुर्ची ठेवली.

“ही इथे कशाला?” ताईने विचारले.

“भाऊंसाठी! त्यांचा मान नको का?”

“ते कधी बसले होते का?”

“अहो वहिनी, रिकामी खुर्ची लोकांना लगेच कळते. नुसती रिकामी जागा कशी दाखवणार?”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात द्वेष नाही. खरोखरच त्या माणसाला असे वाटते की जे दाखवता येत नाही त्याच्यावर काहीतरी ठेवले पाहिजे.

ऑक्टोबरच्या त्या तारखेपासून दुपारी तेथे टकटक सुरू झाली. एका टेबलावर, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. लोक घास गिळण्याआधीच वाजवतात. वाजवून हसतात. तीनदा वाजवतात. एकाने ताल धरला आणि त्याच्या मित्रांनी त्यावर गाणे म्हटले. कोणी खुर्चीला विचारतो, “काय साहेब, मीठ बरोबर आहे का?” आणि ताई भिंतीशी बाटली धरून उभी असते, मान किंचित कललेली, डोळे मिटलेले. गिऱ्हाइकांना वाटते हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते तिचे फोटो काढतात.

“एवढ्या टकटकीत यांची कुठली?” तिने मला विचारले. “मला तर सगळ्याच ऐकू येतात. एखाद्या वेळी वाटतं, ही यांची. घोट घेते. काही नसतं त्यात.”

तिने घरी प्रयत्न केला. एका रविवारी दुपारी तिने बाटली घरी आणली, मशरूम आणले, कांदे तासभर परतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन पेले मांडले. मीही होते. पदार्थ हुबेहूब साधला होता, हे माझ्यासारखीलाही कळत होते. आम्ही वाट पाहत राहिलो. ताटलीतल्या रश्श्यावर साय धरली.

“इथे कशाला येतील,” अखेर ताई म्हणाली. “घरी आले की हे पडून राहायचे. घरी कधी काही चाखलं नाही त्यांनी. ते तिकडेच जात असणार.”

दुसऱ्या दिवशी मी मालकांना भेटले, ती चहाची भेट. मी मुद्दे लिहून नेले होते. त्यांनी ते ऐकून घेतले, बिस्किटांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि अगदी सौजन्याने विचारले, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मला सांगा, भुतावर मालकी कोणाची असते?”

“ज्याच्यासाठी ते येतं त्याची.”

“म्हणजे ते येतं, हे तुम्ही मान्य करता?”

मी मुद्द्यांचा कागद दुमडला. ते हसले. “आणि वहिनींचं म्हणाल तर त्या खूश आहेत. एक दिवस रजा घेतलेली नाही. विचारा हवं तर.”

मी विचारले. मी ताईला सांगितले, सोड ती जागा. तुझ्या नाकाला कोणीही काम देईल.

“आणि मी सोडली आणि ते आले तर?”

ताईच पुढे बोलली.

“त्यांच्या जागेवर खुर्ची असणार. खुर्चीत कोणी परका बसलेला. ते दारातूनच माघारी फिरतील, तुला माहिती आहे त्यांचा स्वभाव, गिऱ्हाइकासमोर कधी यायचे नाहीत. मी तिथे असले तर निदान म्हणेन, थांबा हो. जरा थांबा. जातील हे लोक.”

ती तेथे उभी राहते ती यासाठी. ज्या बहिणीला झपाटले गेल्याबद्दल मी एके काळी डॉक्टरकडे नेणार होते, तिला आता कोणी झपाटत नाही, आणि मी त्याविरुद्ध दाद मागते आहे. हे कसे दिसते याची मला कल्पना आहे. परंतु ज्यांनी तिला चहा घेताना पाहिले नाही त्यांनी हसू नये. गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली होती. मी कप पुढे ठेवला. तिने एक घोट घेतला, बिस्किटाचा तुकडा खाल्ला, आणि थांबली. कप हातात, नजर टेबलाच्या कडेवर. मी बोलत राहिले, मग माझे बोलणे संपले. चहा गार झाला. तिला ते कळत नव्हते असे नाही; तिला पुढचा घोट घेता येत नव्हता.

माझ्यासमोर बशीत चमचा होता. मी तो उचलला. दोनदा वाजवला असता तर कदाचित ती तो चहा प्यायली असती. ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखादा अनोळखी माणूस आपल्या घराचे कुलूप उघडताना दिसला तर आपण जसे पाहू तसे. मी चमचा आवाज न करता खाली ठेवला.

अलीकडे हा प्रकार त्या एका भोजनगृहापुरता उरलेला नाही. एका सहकाऱ्याच्या बढतीनिमित्त आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला जेवायला गेलो होतो. तेथे वाढणाऱ्याने शिनोंसारखी म्हणून दुसरीच कसली तरी जड, कोमट वाइन ओतली आणि उत्साहाने सांगितले, “आता चमचा वाजवा, कोणीतरी येईल!” माझ्या टेबलावरच्या सगळ्यांनी वाजवला. सभोवती टकटक टकटक होत राहिली, आणि मला एकदम वाटले की एक धिप्पाड माणूस, हातात ताटली घेऊन, कुठल्या तरी झुलत्या दारामागे उभा आहे, आणि एवढ्या ठिकाणांहून एवढे लोक एकदम त्याला बोलावत आहेत की नेमके कुठे जायचे ते त्याला समजत नाही. या वाटण्याला पुरावा नाही. ते मी येथे केवळ घडले म्हणून नोंदवते.

मालकांना कायद्याने काही करायला लावता येत नाही, हे मी दोन वकिलांकडून खात्री करून घेतले आहे. गिऱ्हाइके येत राहतील तोवर ते थांबणार नाहीत. म्हणून मागणी त्यांच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. शिनों अवश्य प्या. थोडी गार करून, मशरूमबरोबर, कोंबडीबरोबर, बकरीच्या दुधाच्या चिजाबरोबर, हवी तेव्हा, घरी किंवा बाहेर. परंतु दुपारच्या मधल्या वेळी त्या टेबलाशी जागा राखून ठेवू नका. राखली असेल तर रद्द करा. जेथे कोठे मेनूवर ही चौकट दिसेल तेथे दुसरे काहीतरी मागवा. आणि वाढणाऱ्याने कितीही आग्रह केला, शेजारचे टेबल कितीही हसले, तरी चमचा वाजवू नका.